शाळेच्या पार्सल टॅक्सच्या कमिटीचं ट्रेझरर व्हावं का? (कॅलिफोर्निया)

तुमचा प्रश्न असा की शाळेच्या डिस्ट्रिक्टचा पार्सल टॅक्स (घर-जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे लागणारा कर) नोव्हेंबरच्या बॅलटवर येतोय, पालक मिळून 'यस' वाल्यांची कमिटी काढतायत, तुम्ही अकाउंटिंगमधल्या म्हणून सगळ्यांची बोटं तुमच्याकडे वळलीयत, आणि हिशोब ठेवण्यापलीकडे यात नेमकं काय करावं लागतं ते कोणी धड सांगत नाहीये.

मी हे २०२४ मध्ये बे एरियात केलंय. व्हा ट्रेझरर, पण एक डोक्यात पक्कं ठेवा, हिशोब हा यातला सोपा भाग आहे. त्रास होतो तो पैसे हातात घेताना, आणि तो देतात आपलीच चांगली माणसं.

आपल्याला कशी सवय असते, गणपतीची वर्गणी. कोणी पाकिटात घालून १०१ दिले, कोणी म्हणालं नाव नको, गुप्तदान समजा, आपण पावती फाडली, विषय संपला. इथे यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीत घोटाळा आहे. कॅलिफोर्नियात १०० डॉलर किंवा त्यावर कॅश घेताच येत नाही, म्हणजे ते शुभ म्हणून दिलेलं १०१ चं पाकीट बेकायदेशीर, ९९ असते तर चाललं असतं! बरं चेकने १०१ आले तरी देणाऱ्याचं नाव, पत्ता, काय काम करतो आणि कोणाकडे करतो हे सगळं रिपोर्टमध्ये नावानिशी जातं आणि कोणीही ते बघू शकतं. आणि हे १०० एका चेकचे नाहीत, वर्षभरात त्या माणसाने दिलेल्या सगळ्याची बेरीज, त्यामुळे ५१ आणि परत ५१ दिले की झालाच तो १०० च्या वर. १०० किंवा त्यावरचं गुप्तदान तर ठेवताच येत नाही, ते सरळ राज्याच्या तिजोरीत भरायचं. आणि नोकरीची माहिती मिळाली नाही तर ६० दिवसांच्या आत पैसे परत. मी एका काकांच्या मागे तीन आठवडे लागलो होतो, त्यांचं एकच, अरे मी रिटायर्ड आहे, मला कसली कंपनी. मग 'रिटायर्ड' एवढं लिहून द्या ना काका, तेच हवंय!

म्हणून माझा एकच सल्ला, ऑनलाइनचा फॉर्म आणि कागदाचा फॉर्म दोन्हींवर या चारही गोष्टी आधीच छापून घ्या आणि फॉर्म भरल्याशिवाय चेक हातात घेऊच नका, ओळखीचा असला तरी. वाईट दिसतं सुरुवातीला. चालतं.

आता क्रमाने. वर्षात २,००० डॉलर जमा झाले की तुम्ही कायद्याने कमिटी होता, तिथून १० दिवसांत कमिटीच्या नोंदणीचा फॉर्म ४१०, तो राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे आणि एक कॉपी स्थानिक ऑफिसला, वर दरवर्षी ५० डॉलर फी. पण २,००० ची वाट बघू नका, आधीच भरा, कारण बँकेत खातं उघडायला गेलात की ते ४१० भरल्यावर मिळणारा आयडी नंबर मागतात आणि आयआरएसचा ईआयएन (करखात्याचा नंबर) पण. ट्रेझरर नेमल्याशिवाय कमिटीने एक डॉलर घ्यायचाही नाही आणि खर्चायचाही नाही. तुमच्या मेजरला, म्हणजे बॅलटवरच्या प्रस्तावाला, 'मेजर ए', 'मेजर बी' असं अक्षर मिळालं की कमिटीच्या नावात ते घालून ४१० परत दुरुस्त करायचा, हे बरेच जण विसरतात. असिस्टंट ट्रेझररचं नाव पण त्याच फॉर्मवर घालून टाका, तुम्ही आजारी पडलात तर सही कोण करणार? कारण सही म्हणजे शपथेवरची सही, कमिटीबरोबर तुम्हीही व्यक्तिशः जबाबदार, आणि एका उल्लंघनाला दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. घाबरवत नाहीये, नुसता उशीर झाला तर दिवसाला १० डॉलर एवढंच लागतं आणि मनापासून करणाऱ्या पालकांच्या मागे कोणी हात धुवून लागत नाही, पण 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

जमा-खर्चाचा मुख्य रिपोर्ट म्हणजे फॉर्म ४६०. आमचं मतदान ५ नोव्हेंबर २०२४ ला होतं, तर पहिला मतदानाच्या ४० दिवस आधी म्हणजे २६ सप्टेंबरला, दुसरा १२ दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, आणि मग ३१ जानेवारीला. तुमच्या तारखा तशाच उलट्या मोजून काढा आणि फ्रीजवर लावा. कुठे भरायचं ते मेजरवर आहे, शहराचं असेल तर सिटी क्लार्क, शाळेच्या डिस्ट्रिक्टचं असेल तर बहुतेक काउंटीचं इलेक्शन ऑफिस, आणि बऱ्याच ठिकाणी आता सगळं नेटफाइलवर ऑनलाइन होतं.

पण माझी झोप उडवली ती फॉर्म ४९७ ने. मतदानाच्या आधीच्या ९० दिवसांत एका देणगीदाराकडून १,००० किंवा जास्त आले की २४ तासांत रिपोर्ट. आमच्याकडे एका पालकाने सप्टेंबरात ५०० दिले होते, मग ऑक्टोबरात एका शुक्रवारी सॉकरच्या मैदानावर ६०० चा चेक हातात ठेवला, मी तो गाडीच्या कप्प्यात टाकला, म्हटलं सोमवारी बँकेत जाऊ. सोमवारी रात्री एंट्री करताना बेरीज दिसली, ११००! तारीख बँकेत भरल्याची धरत नाहीत, चेक हातात आल्याची धरतात, म्हणजे माझे २४ तास मी मुलीची मॅच बघत असताना सुरू झाले होते. रात्रीच भरला, खरी तारीख लिहून भरला. त्यानंतर चेक मिळाला की तिथेच फोटो आणि तिथेच शीटमध्ये. आणि हो, १,००१ देणारे पण आपल्यात असतातच, त्यांना सांगा ९९९ द्या असं मी म्हणणार नाही, नियम चुकवायचे नाहीत, फक्त तयार रहा.

एकाकडून किती घ्यायचे याला मर्यादा आहे का? नाहीच. उमेदवारांना असते, मेजरच्या कमिटीला नाही. बर्कली शहराने एकेकाळी २५० डॉलरची मर्यादा घातली होती, ती अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये उडवली, कारण उमेदवाराला पैशाने मिंधं करता येतं, कराच्या प्रस्तावाला कसं करणार. मला ते पूर्ण पटत नाही, पण कायदा तो आहे. त्याच्या बदल्यात सगळं उघड करायचं, म्हणून तर हे एवढे फॉर्म. ५,००० किंवा जास्त कोणी दिले तर दोन आठवड्यांत त्यांना कळवायचं की तुम्हालाही रिपोर्ट भरावा लागू शकतो (वर्षाला १०,००० झाले की लागतोच). पत्रकांवर, पाट्यांवर 'अ‍ॅड पेड फॉर बाय' आणि कमिटीचं पूर्ण नाव, आणि ५०,००० वाले देणगीदार असतील तर त्यातले वरचे तीन नावानिशी.

घरी कार्यक्रम ठेवला तर? तुमच्या घरात तुम्ही केलेला खर्च ५०० डॉलरपर्यंत देणगी धरत नाहीत, म्हणजे वडे, चहा, कागदी प्लेटा, बिनधास्त. पण रेस्टॉरंटवाल्या मित्राने फुकट ट्रे पाठवले तर ती देणगी, बाजारभावाने किंमत लावून लिहायची. स्वयंसेवकाचा वेळ लिहायचा नाही.

शाळेचं काहीही वापरू नका. काहीही म्हणजे शाळेचा ईमेल, झेरॉक्स मशीन, शिक्षकांचा ड्यूटीचा वेळ. डिस्ट्रिक्टने माहिती द्यायला हरकत नाही, 'यस म्हणा' म्हणायचं नाही, १९७६ पासून कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाचं हेच म्हणणं आहे. आमच्या प्रिन्सिपल बाई कार्यक्रमाला यायच्या त्या संध्याकाळी, स्वतःच्या गाडीने.

आणि हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम. पुण्याहून मेहुण्याने भाचीच्या शाळेसाठी पैसे पाठवायची तयारी दाखवली होती, प्रेमाने, तर नाही, परदेशातून परदेशी माणसाचे पैसे मेजरला चालत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना कायद्याने स्पष्ट परवानगी आहे. एच-वन-बी वाल्यांकडून मी घेतलेच नाहीत, त्यांना म्हटलं दारोदार फिरायला या, आले बिचारे, आणि खरं सांगतो पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश मतं लागतात तिथे तेच जास्त उपयोगी पडतं. तुमच्याकडे असा कोणी असेल तर एफपीपीसीला (निवडणुकीच्या पैशांवर नजर ठेवणारं राज्याचं कमिशन) ईमेल करून विचारा, ते उत्तर देतात, आणि त्यांचं मेजरवाल्या कमिट्यांसाठीचं मॅन्युअल ३ आहे ते छापून घ्या.

जिंकलात किंवा हरलात तरी कमिटी आपोआप संपत नाही हं. खात्यात पैसे असेपर्यंत सहा-सहा महिन्यांनी ४६० आणि दरवर्षीचे ५० डॉलर चालूच. आमच्या खात्यात छपाईवाल्याने परत केलेले ४३ डॉलर पडून राहिले आणि त्यापायी बंद करायचं लांबत गेलं. शेवटी बँकेचं खातं शून्यावर आणलं, शेवटचा ४६० आणि ४१० वर टर्मिनेशनची खूण करून मोकळा झालो. कागद मात्र चार वर्षं ठेवावे लागतात. माझा खोका गॅरेजमध्ये गणपतीच्या मखराशेजारी आहे, २०२९ पर्यंत तो हलत नाही, आणि बायको दर भाद्रपदात विचारते की हा अजून इथेच का.