मुलीला कैद्यांसाठी काम करायचंय

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तुरुंगातल्या लोकांसाठी काम करणार, तुरुंग सुधारावेत म्हणून लढणार, असं म्हणते. गुन्हेगारांत जायची ही कसली हौस? आणि यात पोट भरतं का?
– एक आई, आटपाडी

ताई, नमस्कार.

काळजी वाटणारच. पण आपल्या देशात तुरुंगातल्या दर चौघांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. कित्येकांना जामीन मंजूर होऊनही बाहेर पडता येत नाही, कारण जामीनदार मिळत नाही. घरचे परगावी, हातावर पोट. खटला कुठल्या कोर्टात आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नसतं.

अशा वेळी कार्यकर्ती आत जाऊन कैद्याशी बोलते, घरच्यांचा फोन नंबर शोधते, रेशनकार्ड, सातबारा गोळा करायला लावते. मग विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, वकिलाकरवी जामिनाची रक्कम कमी करावी किंवा जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडावं, असा अर्ज टाकायचा. नंतर तारखांमागून तारखा. लढा म्हणून तुमची मुलगी जे म्हणते, ते याच चिकाटीच्या कामातून उभं राहतं. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगातल्या महिलांशी बोलल्या. काहींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि 1983 साली निकाल आला : महिलांना वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा, अटक होताच विधी सहाय्य समितीला खबर.

तुमच्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर मुलीला नक्की माहीत असेल. औंध संस्थानाने 1939 साली कैद्यांना कुटुंबासह शेती करत राहू दिलं, ते हेच ठिकाण. माणसावर विश्वास टाकून बघण्याची ही रीत आपल्याच मातीतली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

शिक्षणाचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. तिथलाच ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो. दुसरी वाट तीन वर्षांच्या एलएल.बी.ची. मी कायद्याकडे झुकेन. वकिलीची सनद हातात असली की ती स्वतः कोर्टात उभी राहू शकते, आणि संस्थेचा निधी आटला तरी पोटाची सोय राहते. संस्थांमधले पगार बेताचे असतात, हे तिला आत्ताच सांगा. पुढे जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात, मानधनावर आरोपींची बाजू मांडायचीही संधी असते.

तुरुंगातल्या भेटी परवानगीने, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली होतात, त्यामुळे जिवाची भीती बाळगू नका. त्रास होतो तो मनाला. कधी समोरच्याने खरोखरच भयंकर काही केलेलं असतं, तरी त्याला वकील आणि माणसासारखी वागणूक मिळायलाच हवी. हे तिला पचेल का, ते घरी बसून कळणार नाही. परीक्षा झाली की सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिला पाठवा आणि विधी स्वयंसेवकांची (लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवणाऱ्या कार्यकर्त्यांची) पुढची निवड कधी आहे ते विचारायला सांगा. पहिल्यांदा तुम्हीही सोबत जा.