नव्या करारातलं कलम १९.४ आणि जुन्या बिलांची मुदत

प्रश्न: गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची बिडाची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. भागीदारी फर्म. पुण्याकडच्या एका पंप कंपनीला अकरा वर्षं कास्टिंग देतो. ऑगस्ट २०२३ ते जानेवारी २०२४ मधली २७ लाख ४० हजारांची बिलं अडकली आहेत. उधारी ६० दिवसांची. काही मालात ब्लो होल (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) असल्याचं तेव्हा फोनवर बोलले होते. त्यानंतरची बिलं मात्र वेळेवर मिळतात. आता कंपनीने पाच वर्षांच्या सहकार्य कराराचा मसुदा पाठवलाय. आधी सही करून मग जुनी बाकी मागावी का? संबंध बिघडवायचे नाहीत.

उत्तर: मसुदा आहे तसा असेल, तर सही करू नका.

बावीस पानांपैकी तुमचं भवितव्य ठरवणारी दोन वाक्यं कलम १९.४ मध्ये आहेत. पहिलं म्हणतं, हा करार आधीच्या सर्व समजुतींची आणि व्यवहारांची जागा घेतो. दुसरं म्हणतं, कराराच्या तारखेला दोन्ही पक्षांचं एकमेकांकडे काहीही येणं उरलेलं नाही. पहिल्या वाक्यावर कोर्टात वाद घालता येईल, कारण एकदा निर्माण झालेलं देणं अशा सरधोपट भाषेने पुसलं जात नाही असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्या वाक्याखाली तुमची सही आली की ती जागा जवळपास संपते. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपलं येणं सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि तुम्ही तो वापरलात असंच समोरचा वकील म्हणेल. ‘आधी सही, मग मागणी’ या क्रमाने जाल तर मागायला काही उरणार नाही.

पण हाच करार तुमची जुनी बाकी वाचवूही शकतो. कसं, ते कळण्यासाठी मुदतीचा हिशेब बघावा लागेल.

विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. उधारी ठरलेली असेल तर ती उधारी संपल्यापासून मोजतात, नसेल तर माल पोचल्यापासून. तुमचं पहिलं अडकलेलं बिल १२ ऑगस्ट २०२३ चं. साठ दिवस खरेदी आदेशात लेखी असतील तर मुदत ११ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाते. त्यावर विसंबू नका. उधारी तोंडी होती, नंतर बदलली, असं कोणी म्हटलं तर तारीख मागे येते. तुम्ही १२ ऑगस्ट २०२६ हीच शेवटची तारीख धरा. पुढच्या प्रत्येक बिलाची मुदत वेगळी, एकेक करून संपणारी.

‘आमचं चालू खातं आहे, पैसे येत असतात’ हे असल्या जवळपास प्रत्येक पत्रात असतं. चालू खात्याची वेगळी मुदत तेव्हाच मिळते जेव्हा दोन्ही बाजूंची एकमेकांवर स्वतंत्र येणी असतात. तुम्ही फक्त विकता, ते फक्त घेतात; हे तसं खातं नव्हे. नवी बिलं वेळेवर मिळतात याचं तुम्हाला समाधान वाटतं, पण पेमेंट अॅडव्हाइस, म्हणजे रक्कम कोणत्या बिलाची ते सांगणारं पत्र, काढून पाहा. प्रत्येक रकमेपुढे नव्या बिलाचा नंबर असणार. देणेकऱ्याने रक्कम कोणत्या बिलापोटी आहे ते सांगितलं असेल तर ती तिथेच जमा धरावी लागते. त्यामुळे त्या पैशांनी जुन्या बिलांची मुदत एक दिवसही वाढलेली नाही. जिथे बिल नंबर न देता ठोक रक्कम आली असेल, तिथे थोडी आशा आहे. त्या नोंदी वेगळ्या काढा.

चर्चा, मीटिंग, दिवाळीची भेट, ‘पुढच्या तिमाहीत बघू’ याने मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही. थांबते ती मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, म्हणजे मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने सही करून लेखी कबुली दिली तर. त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. अडीच वर्षं तुम्ही मार्चअखेरचं साधं बॅलन्स कन्फर्मेशनही (इतकी बाकी आहे असं सांगणारं पत्र) सहीनिशी घेतलं नाहीत, हे मात्र मला खरोखर खटकतं. अकरा वर्षांच्या संबंधात एका कागदावर सही मागायला कसला संकोच?

आता तोच कागद करारातच घाला. परिशिष्ट ‘क’ म्हणून बिलवार यादी जोडा: बिल नंबर, तारीख, चलन नंबर, रक्कम, जीएसटी वेगळा. १९.४ मधलं दुसरं वाक्य काढा आणि त्या जागी असा आशय आणा: परिशिष्ट ‘क’ मधली रक्कम खरेदीदार देणं लागतो, ती अमुक तारखांना हप्त्यांनी देईल, आणि पहिल्या वाक्यातून हे परिशिष्ट वगळलं आहे. ‘देणं लागतो’ आणि ‘देईल’ ही दोन्ही क्रियापदं हवीत. मुदतीत असलेल्या बिलाला कबुली पुरते. एखादं बिल मुदतीबाहेर गेलं असेल तर कबुली निरुपयोगी, तिथे करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे सहीचं लेखी वचनच लागतं. परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर सही घ्या, आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव मागा.

ब्लो होलची तक्रार लेखी नसेल, माल वापरला गेला असेल, परत आला नसेल, तर ती टिकायला अवघड आहे. पण त्या लॉटचा एकही डेबिट नोट (कंपनीने तुमच्या येण्यातून रक्कम कापल्याचा कागद) तुमच्या खातेवहीत घेतलेला नाही ना, ते तपासा. घेतला असेल तर मत बदलावं लागेल.

एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याबद्दल. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, मालानंतरची. नोंदणीआधीच्या मालाला त्या कायद्याचा लाभ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये म्हटलं. २०२५ मध्ये वेगळा सूर निघाला आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. जुन्या बिलांसाठी त्यावर भिस्त नको. नव्या मालाला मात्र तो पूर्ण लागू आहे (फर्म सूक्ष्म किंवा लघु गटात आहे असं धरून), म्हणून मसुद्यातली ९० दिवसांची उधारी चालणार नाही. लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कंपनीच्या लेखापालाला हे माहीत असतं. मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळते. जुन्या बिलांबाबतही त्यांची एक अडचण आहे: १८० दिवसांत पैसे न दिल्यास त्या बिलांचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची घेतलेली वजावट) व्याजासह परत करावं लागतं. बोलणी करताना हा मुद्दा सौम्यपणे काढा.

पॅटर्न (साचा बनवायचे नमुने) कोणाच्या मालकीचे, पिग आयर्न आणि भंगाराच्या भावाप्रमाणे दर कसा बदलणार, रिजेक्शन किती दिवसांत कळवायचं, या कलमांवरच करार पाच वर्षं टिकणार की नाही ते ठरेल. ती तुमच्या स्थानिक वकिलासोबत बसून पाहा. खरेदी आदेश न वाचता मी त्यावर ठाम बोलणार नाही.

एक तपासणी आजच. लेटरहेडवर तुमच्या दिवंगत वडिलांचं नाव अजून आहे. फर्म नोंदलेली नसेल, किंवा दावा करणाऱ्या भागीदारांची नावं निबंधकाच्या नोंदवहीत नसतील, तर भागीदारी कायद्याचं कलम ६९ दावा दारातच अडवतं. दावा लावल्यानंतर केलेल्या नोंदणीने तो दोष जात नाही. नवा दावा लावावा लागतो, आणि तोवर मुदत संपलेली असते. ही दुरुस्ती कंपनीशी बोलण्याआधी मार्गी लावा.

परिशिष्टाला ते नाही म्हणाले, किंवा जूनअखेर नुसतं टोलवत राहिले, तर थांबू नका. तीन लाखांवरच्या व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळतात, पण अर्ज १२ ऑगस्टच्या आत दाखल झालेला हवा. त्याची पोच जपून ठेवा. संबंधांची काळजी असेल तर अर्जासोबतच्या पत्रात लिहा की नवा करार करायला आमची तयारी कायम आहे. मध्यस्थी दाव्याइतकी कडवट नसते, आणि कोर्टात तारखा घेत बसण्यापेक्षा तिथे कंपनीचा निर्णय घेणारा माणूस समोर येण्याची शक्यता जास्त.