आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये सायकलवर प्रश्न आला की माझं उत्तर दोन वाक्यांत संपतं. तयार उत्तर पाठ करू का?

पाठ करू नका. तुम्ही लिहिलंय की सोलापुरातच वाढलात, शाळेत सायकलनेच जायचात, तरी सरावात 'येस, आय हॅड अ सायकल, इट इज गुड फॉर हेल्थ' एवढंच तोंडातून निघतं. मी इथे मुलांची स्पीकिंगची तयारी करून घेतो. 'एन्व्हायर्नमेंट फ्रेंडली मोड ऑफ ट्रान्सपोर्ट' हे वाक्य इतक्या जणांकडून एकाच चालीत ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. परीक्षकालाही कळतं, आणि पाठांतराची शंका आली की ते वेगळाच प्रश्न टाकतात. तिथे मुलं गडबडतात.

सायकल बहुधा पहिल्या भागात येते. तो भाग जेमतेम 4 ते 5 मिनिटांचा असतो आणि त्यात दोन-तीन विषय होतात. त्यामुळे एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं भरपूर झाली. बोलण्याचा ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना सारखंच वजन आहे. सायकलीच्या फायद्यांना गुण नाहीत.

मग बोलायचं काय? सायकल कुणाची होती, कुठे शिकलात, चेन पडली की कोण बसवायचं, हे आठवा. माझ्याकडच्या एका मुलीने 'माय फादर गिफ्टेड मी' असं सुरू केलं. जरा खोदून विचारलं तर सायकल आजोबांची निघाली. ते त्यावरून गिरणीत जायचे. हिचा पाय सीटवरून पुरायचा नाही, म्हणून दांड्याखालून पाय घालून चालवायची. मग तिने सांगितलं: 'इट वॉज माय ग्रँडफादर्स. ही यूज्ड टू राइड इट टू द कॉटन मिल. आय कुडन्ट रीच द पेडल्स फ्रॉम द सॅडल, सो आय पुट वन लेग अंडर द क्रॉसबार.' 'यूज्ड टू', 'कुडन्ट', 'सो' हे सगळं आपोआप आलं, कारण आठवण सांगायला ते लागतंच. 'सॅडल', 'क्रॉसबार' हे शब्दही चपखल बसले.

'डू यू राइड नाऊ?' याला 'नाही' म्हटलं तरी चालतं, फक्त कारण द्या: 'नॉट इन समर. इट गोज ओव्हर फोर्टी डिग्रीज हिअर, सो आय टेक माय स्कूटर.' मे महिन्यात सोलापूरच्या सात रस्ता चौकात दुपारी उभं राहिलेल्या माणसाला हे कारण शोधावं लागत नाही.

आपल्याकडच्या सवयीच्या चुका मात्र आत्ताच काढा. 'आय अ‍ॅम हॅविंग अ सायकल' नाही, 'आय हॅव'. 'आय अ‍ॅम रायडिंग सिन्स टू इयर्स' नाही, 'आय हॅव बीन रायडिंग फॉर टू इयर्स'. साल सांगितलं की 'हॅज गिव्हन' नाही, साधं 'गेव्ह'. 'डबलसीट' तर बाहेरच्या माणसाला कळणारच नाही. 'आय गेव्ह माय सिस्टर अ राइड ऑन द बॅक' म्हणा.

उच्चारात एकच जागा सांगतो, कारण ती याच विषयात सारखी येते. देवनागरीत 'व्हील' आणि 'व्हेईकल' दोन्ही 'व्ह'ने लिहितो, पण इंग्रजीत ते आवाज वेगळे आहेत. 'व्हील'ला ओठ गोल करा, दात कुठेही लागू देऊ नका. 'व्हेईकल'ला वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा. आरशासमोर दोन्ही आलटून पालटून म्हणा, मग फोनवर रेकॉर्ड करून ऐका. फरक ऐकू यायला लागेपर्यंत सोडू नका.

दुसऱ्या भागात परीक्षक विषय लिहिलेलं कार्ड देतात आणि त्यावर बोलायचं असतं. ते कार्ड प्रवासाचं किंवा वाहनाचं आलं, तर तिसऱ्या भागात 'शहरात सायकलसाठी वेगळे मार्ग हवेत का?' असं विचारू शकतात. तिथे आजोबांची सायकल बाजूला ठेवा. कामगार, शाळकरी मुलं, म्हातारी माणसं यांच्याबद्दल बोला आणि एक बाजू ठामपणे घ्या. उत्तर थोडं लांबलं तरी चालेल, आणि परीक्षकाने मध्येच थांबवलं तरी घाबरू नका. त्यांना वेळ पाळायची असते.