गावाहून आणलेली ताजी अंडी धुवून फ्रिजमध्ये ठेवावीत का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई गावठी अंडी देताना ‘धुवू नकोस हं’ असं बजावतात आणि तुम्हाला मात्र शिट लागलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवायची किळस येते. किळस रास्तच आहे, पण या वादात मी सासूबाईंच्या बाजूने.

मीही एकदा दोन डझन अंडी नळाखाली घासून लख्ख केली आणि ओलीच डब्यात भरून ओट्यावर ठेवली. आठ-दहा दिवसांनी त्यातलं एक फोडलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. टोपलीत तशीच राहिलेली चार मात्र ठणठणीत निघाली. (चार अंड्यांवरून सिद्धांत मांडू नये, कबूल.)

अंडं घातलं जातं तेव्हा ओलसर असतं. ती ओल वाळून कवचावर पातळ पापुद्रा धरतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती हा पापुद्रा बुजवतो. घासलंत की तो गेला. त्यात पाणी गार असेल तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी घाणीसकट आत ओढलं जातं. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी आजी कधीच धुवायची नाही. माखलेली असतील ती खायला काढायची.

‘मग अमेरिकेत का धुतात?’ असं कुणीतरी विचारणारच. तिथे अंड्याहून गरम, निदान ३२ अंशांच्या पाण्याने धुतात, वाळवतात आणि पुढे सात अंशांच्या आसपास थंड ठेवतात. युरोपीय संघात बहुतेक ठिकाणी उलटा नियम आहे: ‘अ’ वर्गाचं, म्हणजे गिऱ्हाइकाला खायला विकायचं अंडं धुवायचंच नाही. दोन्हीकडे निभतं, कारण जे धरलंय ते शेवटपर्यंत पाळतात. आपण अर्धं इथलं, अर्धं तिथलं उचलतो. धुवायचं आणि ओट्यावर ठेवायचं, माझ्यासारखं.

शिवाय साल्मोनेला हा जंतू कधी कधी कोंबडीच्या अंडाशयातूनच, कवच बनायच्या आधी, आत शिरतो. तिथे तुमचा साबण कुठे पोचणार? ब्रिटनमध्ये कोंबड्यांनाच लस टोचू लागले. तेव्हा कुठे २०१७ मध्ये, सिंहाचा शिक्का असलेली (म्हणजे लस टोचलेल्या कोंबड्यांची) अंडी गरोदर बायकांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालेल, असं तिथल्या सरकारी संस्थेने सांगितलं. सासूबाईंच्या कोंबड्यांना बहुधा अशी लस नसणार. त्यामुळे घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांना हाफ फ्राय नको, पिवळा बलक पूर्ण घट्ट होऊ द्या.

खरं तर मला कवचापेक्षा सिंकची काळजी वाटते. अंडी धुतल्याचे शिंतोडे तिथेच उडतात आणि त्याच सिंकमध्ये आपण कोथिंबीर निवडून टाकतो. २०२० मध्ये आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, पण ओटा पुसायचं फडकं आठवडाभर तेच! आजीकडे अंडं स्वयंपाकघरात येतच नसे. मागच्या पडवीत वेगळी चूल, वेगळं पातेलं, आणि हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. कारण ओवळ्याचं होतं, जंतूंचं नव्हे, पण कच्च्या अंड्याचा हात कोशिंबिरीला लागत नव्हता हे खरं. सोवळ्याची तरफदारी करत नाहीये मी. त्याच ‘वेगळ्या भांड्यां’नी माणसंही उंबऱ्याबाहेर ठेवली.

तेव्हा सासूबाईंची अंडी कोरड्या फडक्याने हलकेच पुसा आणि डब्यात घालून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारातल्या खाचांत नको, तिथे सारखी उघडझाप होते. एकदा गार झालेली पुन्हा बाहेर ठेवू नका, त्यांना पाणी सुटतं. मग हात साबणाने धुवा. एखादं फारच माखलेलं असेल तर तेवढंच कोमट पाण्याने धुवा आणि लगेच त्याची भुर्जी करा.