बर्फातला हिवाळा आणि जिरावन

प्रश्न: लेक अमेरिकेत मिनियापोलिसला शिकते. डिसेंबरात साडेचारलाच अंधार, बाहेर बर्फ. खोली सोडतच नाही. काय सांगू? – एक आई, इंदूर

उत्तर: ताई, मीही तिथेच दोन हिवाळे काढलेत. पहिला रडत, दुसरा मेसच्या ट्रेवर बसून उतारावरून घसरत! (ट्रे परत नेऊन ठेवायचो हं.) इमारतींना जोडणारी भुयारं आहेत, पण रोज त्यांतूनच गेली तर ऊन दिसायचं कधी? दुपारी बाहेर पडू दे. बर्फाचे गोळे मात्र शून्याच्या आसपासच वळतात. उणे १५ ला तो रव्यासारखा भुरभुरतो. शनिवारी मैत्रिणींना गराडूला, म्हणजे इंदूरकडच्या तळलेल्या कंदाला, बोलवायचं. गराडू कुठला तिथे? आम्ही रताळी तळून वरून जिरावन, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला, घालायचो. तेवढं जिरावन तुम्ही पाठवा.