अडचण आधी, उपाय नंतर

प्रश्न : 15 मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये मी आधी कंपनीची माहिती, मग आकडे आणि शेवटी अडचण सांगतो. लोक मोबाइल बघू लागतात. काय चुकतं?

उत्तर : क्रम. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक सांगत, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक 15 सेकंद दचकतो; तो तिथे आहे हे आधीच ठाऊक असेल तर 15 मिनिटं जीव मुठीत धरून बसतो. तुमचा बॉम्ब म्हणजे ती अडचण. पहिल्याच मिनिटात दाखवा : ‘दर 100 खोक्यांतली 8 परत येतात.’ उपाय मात्र दहाव्या मिनिटापर्यंत राखून ठेवा. मधला प्रत्येक आकडा याच प्रश्नाकडे नेणारा हवा. नसेल तर ती स्लाइड काढा, कितीही आवडती असो. कंपनीची माहिती छापून वाटा. आणि आलेख पडद्यावर आला की 3-4 सेकंद गप्प राहा. तेव्हा बोलत राहिलात तर लोकांचं वाचणंही अर्धवट, ऐकणंही.