वाचकांचे प्रश्न : डीएनए सगळीकडे तोच, मग पेशीला परका कळतो कसा?

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की डीएनए सगळ्या सजीवांत त्याच चार अक्षरांचा असतो. मग हा जंतूचा, हे पेशी कशावरून ठरवते?
— पीयूसी दुसरं वर्ष, खानापूर

खात्रीने ठरवता येतच नाही, हे आधी सांगायला हवं. पेशी दोनच गोष्टी बघते : अक्षरांवरच्या खुणा आणि डीएनए सापडला ती जागा. त्यातही भरवसा जागेवर जास्त.

खुणा बघणारा रिसेप्टर, म्हणजे परकं ओळखणारं प्रथिन, टीएलआर-९. ओसाकातल्या शिझुओ अकिरांच्या गटाने २००० साली तो दाखवून दिला. सी आणि लगेच पुढे जी, अशी सीपीजी जोडी जिवाणूंच्या डीएनएत भरपूर असते आणि उघडी असते. आपल्याकडे ही जोडी अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच उरली आहे. उरलेल्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांवर मिथाइल गट बसलेला असतो. टीएलआर-९ला उघडी, म्हणजे मिथाइल नसलेली, जोडी लागते. तो राहतो मात्र पेशीच्या आत, गिळलेला माल जिरवणाऱ्या आम्लधर्मी पिशव्यांत, म्हणजे एंडोसोममध्ये. तिथली विकरं त्याचा एक भाग कापतात, मगच तो कामाला लागतो. माणसात तो मुख्यतः बी-पेशी आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी या प्रतिकाराच्या पेशींत सापडतो. उंदरात इतरही पेशींत. उंदरावरचे निष्कर्ष माणसाला चिकटवताना घोळ होतो तो इथेच.

जागा बघणारा दुसरा रिसेप्टर सीगॅस, पेशीद्रवातला. टेक्सासमधल्या झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेचं हे काम २०१३चं. कोगनोळी नाक्यावर कोणी फक्त नंबरप्लेट बघावी, तसा टीएलआर-९. सीगॅसला प्लेटशी देणंघेणं नाही, गाडी नको त्या जागी उभी दिसली की पुरे. तो अक्षरं न वाचता साखर-फॉस्फेटचा कणा धरतो. दुपदरी तुकडा साधारण ४५ जोड्यांहून लांब असला की माणसाचा सीगॅस चांगला चालू होतो आणि एटीपी-जीटीपी जोडून सीगॅम्प हा छोटा चक्राकार रेणू तयार करतो. सीगॅम्प स्टिंग या प्रथिनाला चिकटतो, स्टिंग गॉल्जीकडे सरकतं, टीबीके-१ हे विकर आयआरएफ-३ या प्रथिनाला फॉस्फेट लावतं आणि इंटरफेरॉन-बीटाचं, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या प्रथिनाचं, जनुक चालू होतं.

मग आपल्याच डीएनएवर हा का उठत नाही? पेशीद्रवात आलेले भटके तुकडे ट्रेक्स-१ हे विकर फस्त करतं. केंद्रकातही सीगॅस असतो, पण तिथे न्यूक्लिओसोम, म्हणजे डीएनए गुंडाळलेल्या प्रथिनांच्या रिळी, त्याला जखडून ठेवतात. ट्रेक्स-१ बिघडलेल्या बाळांना आयकार्डी-गुटियेर्स हा आजार होऊ शकतो : संसर्ग नसतानाही मेंदूत इंटरफेरॉनचा मारा.

प्रश्न : लंपीत जनावराला प्रतिकारशक्तीची पावडर दिली तर शरीर विषाणू लवकर ओळखेल का?
— शेतकरी, निपाणी

नाही. लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला. सुमारे दीड लाख जोड्यांचा त्याचा डीएनए केंद्रकात न जाता पेशीद्रवातच वाढतो, म्हणजे थेट सीगॅससमोर. ओळखायला अडचण अशी नसावी. अडचण पुढे आहे : या कुळाकडे ओळखीनंतरचा इशाराच दाबायचे डाव असतात. याच कुळातला व्हॅक्सिनिया तर पॉक्सिन नावाचं विकर बनवून सीगॅम्पच कापून टाकतो. पावडरीने यातलं काही बदलत नाही. तो पैसा गोचीड-माश्यांच्या बंदोबस्तावर घाला, गाठी आलेलं जनावर वेगळं बांधा आणि निरोगी जनावरांना साथ येण्याआधीच लस टोचून घ्या. आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस यासाठी वापरली गेली. ती जिवंत विषाणूची आहे : २ ते ८ अंशांत ठेवलेलीच हवी, आणि संरक्षण यायला साधारण तीन आठवडे धरा.

प्रश्न : मॅक्रोफेजमध्ये जनुक न घातलेला, रिकामा प्लास्मिड सोडला तरी इंटरफेरॉन-बीटा चढतो. कुठे चुकतंय?
— एमएस्सी विद्यार्थी, बेळगाव

कदाचित कुठेच नाही. प्लास्मिड म्हणजे जिवाणूतला डीएनएचा गोल तुकडा; रिकामा असला तरी तो डीएनएच आहे, आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी तो ओळखतात. पण आधी एंडोटॉक्सिनचा संशय फेडा. ई. कोलाय जिवाणूतून काढलेल्या प्लास्मिडसोबत त्याच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, येतं आणि तेही टीएलआर-४ मार्फत इंटरफेरॉन-बीटा चढवतं. नमुन्याचे दोन भाग करा, एकाला डीएनेझ-१ हे डीएनए तोडणारं विकर घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा आणि डीएनए खरंच संपला का ते जेलवर बघा. प्रतिसाद गेला तर कारण डीएनए. टिकला तर एलपीएस. मग एंडोटॉक्सिनमुक्त किटने प्लास्मिड पुन्हा काढा.

डीएनए पेशीत पोचवणारं लिपिड नुसतंच दिलेल्या पेशींचं कंट्रोल हवंच. ते नसेल तर आकड्यांवर बोलण्यात अर्थ नाही. रस्ता कोणता हे वेगळं काढायचं तर प्लास्मिडवर सीपीजीवर मिथाइल बसवणारं एम-एसएसएस-१ मिथाइलट्रान्सफरेझ चालवा : टीएलआर-९चा प्रतिसाद पडेल, सीगॅसचा नाही. शिवाय लिपिडशिवाय माध्यमात टाकलेला डीएनए बहुतेक एंडोसोममध्येच अडकतो, त्यामुळे तिथे सीगॅसची परीक्षा होतच नाही. इंटरफेरॉनचा एमआरएनए चार ते सहा तासांनी मोजा, प्रथिन एलायझा चाचणीने २४ तासांनी.

पेशी फुटत असतील तर मात्रा मिलिलिटरला अर्धा ते एक मायक्रोग्रॅमवर आणा. मॅक्रोफेजमध्ये एआयएम-२ हा तिसरा रिसेप्टर पेशीद्रवातला डीएनए धरून कॅस्पेझ-१ चालू करतो, गॅसडर्मिन-डी पडद्याला भोकं पाडतं, आणि मेलेल्या पेशींचा इंटरफेरॉन मोजून हाती काही लागत नाही. सोपं पडतं म्हणून एचईके-२९३टी ही प्रयोगशाळेतली पेशी वापरू नका : तिच्यात सीगॅस-स्टिंगचा रस्ता जवळपास बंदच असतो. 'प्रतिसाद नाही' असं उत्तर तिथे फुकटात मिळतं.

प्रश्न : बहिणीला ल्युपस आहे. तिला मलेरियाची गोळी का दिली?
— चिकोडी

ती गोळी बहुधा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची. ते एंडोसोममध्ये साठतं आणि टीएलआर-७, टीएलआर-९ यांचं काम मंदावतं. ल्युपस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते; त्यात टीएलआर-७ आपल्याच आरएनएवर आणि टीएलआर-९ आपल्याच डीएनएवर उठलेले असतात. गुण दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून मध्येच थांबवू नये. मात्रा सहसा दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. डोळ्याचा पडदा पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दरवर्षीची तपासणी आधीपासूनच.